शून्य शिल्लक

पायातल्या बाईनं डोकं वर करायचं नाही. बदलापूरच्या उल्हासकाठ महिला गोविंदा पथकात नव्या मुलीला पहिल्याच दिवशी हे शिकवलं जातं. सगळ्यांत खालच्या थरात ती उभी, हात शेजारणींच्या खांद्यांवर, हनुवटी छातीला टेकलेली, डोळे स्वतःच्या अंगठ्यांकडे. वर कोण चढलं, कोण डळमळलं, हे बघणं तिचं काम नव्हे. तिचं काम उभं राहणं. आणि 'दमले' म्हणायचं नाही. बाकी काहीही म्हणायला मुभा होती, सराव घेणाऱ्या वंदनाताईंच्या नावानं बोटं मोडायलासुद्धा. पण पायातून 'दमले' असा आवाज आला की वरच्या थरांच्या पोटात गोळा यायचा.

आता बाई दमली तरी बोलायची नाही आणि तिच्याकडे बघणारंही कुणी नाही, तर पाया खचत आलाय हे कळणार कसं? इतकी वर्षं ते पडल्यावरच कळायचं. मग नियम आला, की पायातल्या प्रत्येकीच्या मांडीवर पट्टा हवा. पट्टा नाही तर थर लावायला परवानगी नाही.

पट्टे घेऊन डॉक्टर केतकी रेगे आल्या. व्यायामशास्त्राच्या डॉक्टर, बोलायला मोकळ्या. समाजमंदिरात सतरंजीवर बसून, हातात चहाचा कप धरून त्यांनी सगळ्यांना समजावलं.

"स्नायू म्हणजे हजारो धाग्यांची जुडी. मेंदूनं हुकूम दिला की प्रत्येक धाग्यावरून विजेची एक बारीक लहर धावते. सगळ्या लहरी मिळून एक गुणगुण तयार होते. ती आपल्याला ऐकू येत नाही, पट्ट्याला येते. स्नायू दमायला लागला की लहरींचा वेग कमी होतो आणि गुणगुण खर्जात जाते. पण वजन तर धरायचंच असतं. मग मेंदू राहिलेले धागेही कामाला लावतो, त्यामुळे गुणगुण मोठीही होते. मोठी आणि खर्जातली झाली, की समजायचं स्नायू संपत आलाय."

"आणि आपणच सोडून दिलं तर?" पायातल्या जयूताईंच्या लेकीनं, मानसीनं विचारलं. तिला पोलिसात जायचं होतं आणि प्रश्न विचारायची सवय तिनं आधीच लावून घेतली होती.

"तर खर्जात जायच्या आधीच ती गप्प होते. स्नायूत जोर असतो, पण मेंदूकडून हाकच येत नाही."

या दोन गोष्टींचा हिशेब करून टॅबलेटवर एक आकडा यायचा. स्नायूत अजून किती दम उरलाय त्याचा. डॉक्टरांनी त्याला काहीतरी लांबलचक नाव दिलं होतं. बायकांनी त्याचं 'शिल्लक' केलं.

हा शब्द पुढं फार उंडारला. पट्टे स्वस्त झाले, व्यायामशाळांत आले, शाळांत आले. कुठल्याशा गोदामात म्हणे हमालाची शिल्लक निम्म्याखाली गेल्याशिवाय त्याला बसायला स्टूल मिळत नव्हतं. पथकातल्या शलाका दळवीच्या नवऱ्याला तर हा शब्द म्हणजे लॉटरीच लागली. ती संध्याकाळी 'दमले रे' म्हणाली की तो सोफ्यावरून न हलता विचारायचा, "शिल्लक किती?" हजारो वर्षं माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघून 'दमलास, बस' म्हणत आली. आता पुरावा मागायची सोय झाली होती.

पथकात मात्र शून्य शिल्लक हा मान होता. स्नायूतला शेवटचा धागा संपेपर्यंत उभी राहिलेली बाई. तसं कुणी अजून पाहिलं नव्हतं. डॉक्टर म्हणायच्या, माणूस त्याच्या खूप आधी सोडतो, मेंदूच सोडायला लावतो.

शलाका पायात जयूताईंच्या शेजारी उभी राहायची. जयूताई मांजरेकर तिच्याहून वयानं मोठ्या, पण दोघींत मोठं-धाकटं असं काही उरलं नव्हतं. स्टेशनजवळच्या गल्लीत दोघींचं पोळीभाजी केंद्र होतं. शलाका लाटायची, जयूताई भाजायच्या. एकीचा ॲप्रन दुसरीच्या अंगावर, एकीचा चष्मा दुसरीच्या नाकावर, असा सगळा कारभार. मानसी शलाकाला मावशी म्हणायची आणि आईशी भांडण झालं की मावशीकडे जेवायला यायची.

त्या रविवारी सकाळी मैदानावर सराव होता. शलाकाला स्वतःचा पट्टा मांडीला काचत होता, म्हणून तिनं बाकावर पडलेला जयूताईंचा उचलून बांधला. जयूताई ओढणी कमरेला खोचत होत्या. त्यांनी हाताला लागला तो बांधला. पट्ट्यावर आतल्या बाजूला बारीकसा क्रमांक असतो, आणि कुठला क्रमांक कुणाचा हे टॅबलेटमध्ये. पण ज्या बायका एकमेकींचे चष्मे घालतात त्या पट्ट्याचा क्रमांक कशाला बघतील?

थर चढू लागले. दुसऱ्या थरात मानसी होती, डावा पाय आईच्या खांद्यावर, उजवा मावशीच्या. वजन वाढत गेलं. शलाकाच्या मांड्या थरथरू लागल्या, पण तेवढं रोजचंच होतं. वरून कुणीतरी "सांभाळ!" म्हणून ओरडलं, आणि तिच्या डोक्यात अगदी शांतपणे एक विचार आला, 'बस झालं.' भीती नाही, कळ नाही. भाजीची पिशवी जिन्यात टेकवावी तसा. गुडघा वाकला.

वरच्या मुलीला दोर होता, ती हवेत लोंबकळली आणि वाचली. बाकीच्या एकमेकींवर कोसळल्या. खरचटलं सगळ्यांना, मानसीचं उजवं कोपर मात्र फुटलं. भरतीची मैदानी चाचणी तोंडावर आली होती. त्यात गोळाफेक होती.

संध्याकाळी समाजमंदिरात सगळ्या जमल्या. वंदनाताई करंजे, पथक काढणाऱ्या, सरावात ओरडून ओरडून कायमचा घसा बसलेल्या, टॅबलेट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शलाका भिंतीला टेकून उभी होती आणि स्वतःचं नाव यायची वाट बघत होती.  नाव आलं की काय म्हणायचं, तेही तिनं ठरवलं होतं. 'चुकले' एवढंच.

"आधी एक पाय सुटला आणि मग बाकीचे," वंदनाताई म्हणाल्या. "तो सुटला तेव्हा त्यात अडतीस टक्के शिल्लक होती." त्यांनी क्रमांक पुन्हा ताडून पाहिला. "जयू, तुझा पट्टा आहे."

 जयूताईंनी एकदा स्वतःच्या मांडीकडे पाहिलं.

"आणि शलाका," वंदनाताईंचा आवाज बदलला, "तू शून्यावर गेलीस. शून्य! शेजारचा पाय सुटल्यावर तिचाही भार घेतलास आणि संपेपर्यंत धरलंस."

तेव्हाच बोलायला हवं होतं. पट्टे बदलले होते, तीन शब्दांचं वाक्य. पण शलाकाच्या छातीतून तेव्हा जे सरसरत खाली गेलं ते वाईट वाटणं नव्हतंच. सुटका होती. आपण वाचलो, असं तिला वाटलं, आणि असं वाटल्याची लाज त्याच्या मागोमाग आली. मागोमाग म्हणजे उशिराच. तोवर दोन बायकांनी येऊन तिच्या पाठीवर थाप मारली होती.

पुढचे दिवस तिनं स्वतःला खूप गोष्टी सांगितल्या. जयूताई आई आहेत, लेक आईला माफ करतेच. मला नसती केली. शिवाय आता सांगून कोपर थोडंच जुळणार आहे? मनाला असली कारणं पुरवायला तिला कष्ट पडत नव्हते. ती पोळ्या लाटायची आणि समोर जयूताई भाजायच्या. पूर्वी दोघींची तोंडं तव्यापेक्षा जास्त तापलेली असायची, गप्पांनी. आता फक्त उलथन्याचा आवाज. गिऱ्हाईकं येत, तीही गप्प होत. एक काकू डबा घेताना हळूच म्हणाल्या, "पोटच्या पोरीला पाडलं गं!" हळूच म्हणजे जयूताईंना ऐकू जाईल इतपत.

मानसी घरात आईशी बोलत नव्हती. ती एका सकाळी केंद्रावर आली, गळ्यात झोळी आणि तीत प्लास्टरमधला हात. केस मोकळे, गुंतलेले. जयूताईंनी लगेच हात पुसले आणि फणी घ्यायला पुढं झाल्या. मानसीनं त्यांच्याकडे पाठ केली.

"मावशी, तू घाल वेणी."

शलाकानं घातली. स्टुलावर बसलेल्या पोरीच्या मागं उभं राहून, गुंता सोडवत, तीन पेड पाडत. जयूताई तव्याकडे तोंड करून उभ्या होत्या.

"तुझा आकडा मी फोनमध्ये ठेवलाय," मानसी म्हणाली. "शून्य. परत परत बघते. माझा उजवा पाय तुझ्यावर होता म्हणून मी डोक्यावर नाही पडले, असं वाटतं मला."

शलाकाला आपल्या बोटांची किळस आली. तरी तिनं वेणी पुरी केली, रबर बांधलं आणि वर, "सैल नाही ना झाली?" असंही विचारलं.

पथकानं ठरवलं की दहीहंडीला थर लावून सलामी द्यायच्या दिवशी शलाकाचा सत्कार करायचा. शाल, श्रीफळ आणि त्या आकड्याचा फ्रेम केलेला फोटो. बातमी सांगायला वंदनाताई स्वतः केंद्रावर आल्या, पेढे घेऊन. त्या गेल्यावर जयूताईंनी पेढ्याचा डबा नीट झाकून फडताळात ठेवला.

"चांगलं झालं," त्या म्हणाल्या. "तू घे सत्कार. मी आता पायात नाही उभी राहणार."

"असं काय बोलतेस, जयूताई?"

"खरं तेच बोलते. मी खूप विचार केला गं. मला आधी वाटत होतं, मी धरून होते. पायातून आग निघत होती, डोळ्यांपुढं काजवे चमकत होते, तरी धरलं होतं, असंच मला आठवत होतं. पण पट्टा खोटं कशाला बोलेल? मग आठवलं." त्यांनी गॅस बारीक केला. "मानसी वर थरथरली ना, तेव्हा माझ्या मनात आलं होतं, उतर गं बाई आता खाली. ते मनात आलं आणि पायानं ऐकलं. मीच तिला उतरवली. आईच्या मायेनंच पाडली म्हण."

शलाका बघतच राहिली. या बाईनं यंत्राच्या आकड्यासाठी स्वतःची आठवण मोडून नवी बसवली होती. आग खोटी, काजवे खोटे, आकडा खरा. आणि हे सगळं आपल्या तीन शब्दांच्या आळसापायी! आळस कसला, भेकडपणा.

"पट्टे बदलले होते," ती म्हणाली.

"काय?"

"मला माझा काचत होता. मी तुझा बांधला. तू माझा बांधलास. अडतीस माझे आहेत. शून्य तुझं."

तव्यावरची पोळी फुगली, बसली आणि करपू लागली. जयूताईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

"म्हणजे मी धरलं होतं?"

"धरलं होतंस."

"शेवटपर्यंत?"

"काहीच न उरेपर्यंत."

जयूताई पिठाच्या डब्यावर बसल्या आणि पदर तोंडात कोंबून रडल्या. शलाकाला वाटलं, आता त्या मारतील, आणि मारलं तर बरं होईल. पण जरा वेळानं त्यांनी डोळे पुसले आणि फार हळू विचारलं, "तिच्या केसांना हात कसा लावलास गं तू?"

शलाकानं करपलेली पोळी तव्यावरून काढली.

"मानसीला तू सांगायचं," जयूताई म्हणाल्या. "मी सांगितलं तर तिला वाटेल आई पळवाट शोधतेय. आणि आत्ता सांगायचं."

मानसीनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग तिचे डोळे भरून आले आणि तिनं डाव्या हातानं शलाकाचा हात धरला.

"मावशी, किती करशील गं आमच्यासाठी? आईला वाचवायला स्वतःवर घेतेस?"

"नाही गं बाई, खरंच..."

"पट्ट्याला कुणाची आई कोण ते माहीत नसतं. म्हणून माझा त्याच्यावर विश्वास आहे. तुझ्यावर या बाबतीत नाही."

वंदनाताईंनीही तेच केलं. "तू मनानं मोठी आहेस, ठाऊक आहे मला," असं म्हणून फोन ठेवला. पाच-सहा जणींना सांगून झालं आणि प्रत्येकीच्या नजरेत शलाका आणखी थोडी वर चढली. खोटं एका गप्प बसण्यात खपलं होतं, खरं मात्र घसा कोरडा करूनही खपत नव्हतं. शेवटी ती डॉक्टर रेग्यांकडे गेली.

डॉक्टरांनी दोन्ही आलेख मोठ्या पडद्यावर लावले.

"प्रत्येकाची गुणगुण खर्जात उतरते ती आपापल्या पद्धतीनं," त्या म्हणाल्या. "कुणाची झरझर, कुणाची पायरी पायरीनं. चालीवरून ओळखीचं माणूस लांबून कळतं ना, तसं. दोघींना पुन्हा पट्टे लावू आणि ताडून बघू. इथं दवाखान्यातच करता येईल."

"इथं नको," शलाका म्हणाली. "सगळ्यांसमोर करा."

पुढच्या सरावाला समाजमंदिरात सतरंजी गुंडाळून ठेवली होती. शलाका भिंतीला पाठ लावून, गुडघे वाकवून, खांद्यांवर वाळूच्या पिशव्या घेऊन अधांतरी खुर्चीत बसल्यासारखी उभी राहिली. पट्ट्याचा क्रमांक आधी वंदनाताईंनी मोठ्यानं वाचला. पडद्यावर रेघ सुरू झाली आणि सगळ्या पथकाचे डोळे तिच्यावर लागले. पायात असताना कुणी बघत नाही, ही किती मोठी सोय होती, ते तिला आज कळलं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, कुठवर टिकता याला महत्त्व नाही, रेघ कशी उतरते एवढंच बघायचंय. पण शलाकानं मनाशी ठरवलं होतं की आज शून्यापर्यंत जायचं. कोपर जुळणार नाही, पण आपण भेकड नाही एवढं तरी दिसेल. मांड्या पेटल्या. तिनं दात दाबून धरले. रेघ उतरत होती, तिच्या समोर, पायरी पायरीनं. आणि मग, कुणी ओरडलंही नव्हतं तरी, तोच शांत विचार आला. 'बस झालं.' ती जमिनीवर बसली होती. पडद्यावर आकडा थांबला होता, त्या दिवशीच्या आसपासच.

डॉक्टरांनी जुनी रेघ नवीवर ठेवली. ताडून बघायला डॉक्टर लागत नव्हता.

"एक लक्षात घ्या," डॉक्टर घाईनं म्हणाल्या, "याला भित्रेपणा म्हणू नका. मेंदू शरीराला जपत असतो. कुणाचा लवकर जपतो, कुणाचा उशिरा. यंत्र हाक थांबली एवढं सांगतं, का थांबली ते नाही."

त्यांचं बरोबर असेल. पण जपलं कुणाला गेलं आणि कोपर कुणाचं मोडलं, ते त्या समजावण्यात नव्हतं. शिवाय पाय मेंदूनं सोडला म्हणावं, तर गप्प कोण बसलं होतं? त्याला कुठला पट्टा नव्हता. शलाकानं मान खाली घातली. तिच्या मांडीचा पट्टा सोडायला कुणी पुढं आलं नाही.

मग जयूताई उभ्या राहिल्या. त्यांची रेघ सुरुवातीलाच झरझर खाली आली आणि तळाजवळ पोचून तशीच सरपटत राहिली. गुणगुण वाढत गेली. त्यांचं सगळं अंग हलत होतं, नाकातून पाणी येत होतं. "पुरे, जयू!" वंदनाताई ओरडल्या. जयूताईंनी ऐकलं नाही. आकडा शून्यावर आला तेव्हा त्यांना दोघींनी धरून खाली बसवावं लागलं.

मानसी भिंतीपाशी उभी होती. ती आईजवळ आली, गुडघ्यांवर बसली आणि काहीतरी बोलायला गेली. 

"घरी बोलू," जयूताई धापा टाकत म्हणाल्या आणि तिच्या प्लास्टरवर हात ठेवला.

सलामी जवळ आली होती, थर तर लावायचेच होते. वंदनाताईंनी टॅबलेट बाजूला सरकवला. पथकात पायातली जागा वंदनाताई देत नाहीत. जिला वर चढायचं असतं तीच सांगते, कुणाच्या खांद्यावर पाय ठेवणार ते. मानसी यंदा चढणार नव्हती. पण तो खांदा तिचा होता आणि विचारायचं तिलाच, हे सगळ्यांना कळत होतं.

"मानसी," वंदनाताई म्हणाल्या, "शलाकाचं काय करू?"

शलाकानं पहिल्यांदा मान वर केली. तिला माफी नको होती, असं नाही. हवी होती, फार हवी होती. या पोरीला तिनं कडेवर खेळवलं होतं. मानसीचे डोळे लाल होते, पण आवाज फुटला तो सरळ.

"पाय सुटला त्याचं मला काही नाही, मावशी. तो माझाही सुटला असता. पण मी आईकडे पाठ केली आणि तू मला करू दिलीस." तिनं झोळीतला हात सावरला. "तुझ्या खांद्यावर मी पाय नाही ठेवणार."

"नको ठेवूस," शलाका म्हणाली.

तिनं मांडीचा पट्टा स्वतःच सोडला आणि बाकावर ठेवला. बाहेर मैदानावर बायका जमू लागल्या. पायाच्या मागं, पडणारीला झेलायला हात वर करून उभ्या राहणाऱ्यांचा घेरा असतो. नव्या मुलींना तिथंच पहिली जागा मिळते. शलाका त्यांच्यात जाऊन उभी राहिली. शेजारची मुलगी जरा बाजूला सरकली. जयूताईंच्या शेजारी दुसरीच कुणीतरी हात टाकून उभी होती. मुली चढू लागल्या आणि शलाकानं दोन्ही हात वर केले.